वाळूतला कान

बागेतल्या सहलीचा बेत आसावरीचा होता आणि त्यामागचा हेतू मंदाकिनीबाईंचा. घरात तो विषय निघाला की मुलगा सलिल आणि सून अंतरा एकमेकांकडे बघून गप्प होत आणि बोलणं तिथेच मिटे. बाहेर, झाडाखाली, पोरं खेळत असताना माणसं मोकळी बोलतात, असं आसावरीचं म्हणणं. ती मंदाकिनीबाईंची थोरली लेक. लग्न होऊन ठाण्यात बाळकुमला राहायला गेल्यापासून डोंबिवलीतल्या माहेरच्या प्रत्येक अडचणीवर तिच्याकडे असा एखादा उपाय तयार असे.

"आमच्या इथे जवळच मोठी बाग आहे, आई. वाळू आहे, घसरगुंड्या आहेत. ऋतुराज आणि जुई खेळतील, आपण बोलू. आणि मी तुझ्या बाजूने आहे, तू घाबरू नकोस."

विषय जुईचा होता. सलिल-अंतराची ही एकुलती एक पोर येत्या जूनमध्ये पहिलीत जायची होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दीड वर्षाची असताना शस्त्रक्रिया झाली, कानामागे आत काहीतरी बसवलं आणि बाहेरून लावायचं एक यंत्र मिळालं. शेंगदाण्याच्या टरफलाएवढा एक तुकडा कानावर अडकवायचा, त्याच्या वायरीच्या टोकाची गोल चकती केसांत बसवायची, की जुईला ऐकू येई. ते उतरवलं की काही नाही. शेजारी फटाके वाजले तरी नाही. घरातले सगळे त्याला मशीन म्हणत. जुई मात्र 'माझा कान' म्हणायची.

अंतराला तिला साध्या शाळेत घालायचं होतं, आणि तेही नेमकं त्याच शाळेत, जिथे मंदाकिनीबाईंनी उभा जन्म शिकवलं होतं. आताच्या मुख्याध्यापिका त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. सलिल भेटायला गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "आमची ना नाही. पण मंदाकिनीबाई स्वतः काय म्हणतात?" या एका प्रश्नावर महिनाभर घोडं अडून बसलं होतं, कारण मंदाकिनीबाई काहीच म्हणत नव्हत्या.

म्हणायचं नव्हतं असं नाही. त्यांच्या वर्गात एकदा गोपीनाथ नावाचा मुलगा होता, कानाला यंत्र लावणारा. पोरं त्याच्या पाठीमागून हाका मारायची आणि तो वळला नाही की हसायची. बाईंनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, त्याला स्वतःच्या टेबलाशेजारी बसवून पाहिलं. चौथीनंतर तो शाळेत आलाच नाही. ते हसणं बाईंच्या डोक्यातून अजून गेलं नव्हतं. जुईच्या मागे कोणी तसं हसलं तर?

जानेवारीतला रविवार. माणकोलीच्या पुलावर गाडी आली तेव्हा खाडीवर अजून धुकं होतं. भाऊ पुढे बसून बाहेरची होर्डिंगं मोठ्याने वाचत होते. मंदाकिनीबाईंचे यजमान, पण सगळं घर त्यांना भाऊच म्हणे, त्यामुळे नातीनेही तेच उचललेलं.

"भाऊ, परत वाच," मागून जुई म्हणाली.

"दोन बेडरूमचे प्रशस्त घर!"

"प्र-शस्त," जुईने शब्द घोळवला. "म्हणजे काय?"

"म्हणजे ऐसपैस," अंतरा म्हणाली. "हातपाय पसरता येतात ते."

मंदाकिनीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. हे असं गेली साडेचार वर्षं चाललं होतं. सून घरात अखंड बोलत असे. कुकरची शिट्टी ऐकलीस? हा मिक्सर. हे पावसाचं पाणी, हा रिक्षाचा हॉर्न, ही आजीची खोकल्याची उबळ. अंतरा लग्न होऊन आली तेव्हा किती अबोल होती. आता तिच्या तोंडाला विसावा नव्हता, आणि कधीकधी बाईंना दुपारी दार लावून पडावंसं वाटे.

आसावरीने सतरंजी एका मोठ्या शिरीषाखाली आधीच अंथरली होती. हिरवळीवर डबे उघडायचे नाहीत, असं बागेच्या रखवालदाराने बजावून सांगितलं. भाऊंनी त्याला 'आम्ही कडेच्या फरशीवर बसतो' असं तोंडभरून आश्वासन दिलं आणि सतरंजी चार हात सरकवली. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, तिळाच्या वड्या. मुलं खेळून आली की जेवायचं ठरलं. आसावरीचा ऋतुराज, वय वर्षं नऊ, आल्या आल्या जुईला ओढत निघाला, आणि त्या घाईत त्याच्या हातातला कोकम सरबताचा पेला जुईच्या पिवळ्या फ्रॉकवर पालथा झाला.

"आईशप्पथ, मी मुद्दाम नाही केलं!"

"तू कधीच मुद्दाम करत नाहीस," आसावरी म्हणाली. "अंतरा, तू बस गं. मी बदलते तिचा फ्रॉक. आणलायस ना दुसरा?"

ती जुईला नळाकडे घेऊन गेली, निळा फ्रॉक घालून आणली, आणि दोन्ही पोरं वाळूकडे पळाली. वाळूची जागा सतरंजीवरून दिसत होती. तारेचं बुटकं कुंपण, आत घसरगुंडी, झोके, लोखंडी शिडीचा घुमट, गोल फिरणारी चक्री. रविवारमुळे पोरांची झुंबड.

आसावरीने पाय दुमडले आणि विषयाला हात घातला.

"अंतरा, राग मानू नकोस. पण वर्गात चाळीस-पन्नास पोरं असतात. बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात. जुईने ओठ कुठले वाचायचे?"

"ती ओठ वाचत नाही, ताई. ती ऐकते."

"एवढ्या गोंगाटात?"

"गोंगाटात कमी ऐकते," अंतराने कबूल केलं. "पण बाजारात गोंगाट आहे, लग्नाच्या हॉलमध्ये आहे, रिक्षात आहे. तिला त्यातच राहायचंय ना?"

"राहू दे की," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पण आधी पाय तर रोवू देत. ठाण्यातली ती विशेष शाळा मी बघून आले. वर्गात आठ मुलं. बाई शिकलेल्या. तिथे चार वर्षं काढू देत, मग बघू."

"चार वर्षांनी बाकीच्या सगळ्या मुली एकमेकींच्या मैत्रिणी झालेल्या असतील, आई. मग ती पाहुणी म्हणून जाईल."

"आणि आत्ता गेली तर?" बाईंचा आवाज किंचित चढला. "वर्गातली पोरं काय करतात ते तुला माहीत नाही अंतरा. मला माहीत आहे. त्यांच्यात वाईट कोणी नसतं. पण सगळी मिळून काय करतील, सांगता येत नाही."

अंतराने मान खाली घातली. सलिल म्हणाला, "आई, आम्ही विचार करूनच ठरवलेलं. तिला ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टसुद्धा म्हणाल्या की ती तयार आहे. तू एकदा शाळेत शब्द टाकलास तर—"

"माझा शब्दच तर टाकायला जड जातोय मला."

भाऊंनी तिळाच्या वडीचा डबा उघडला, कोणीच घेत नाही असं पाहून पुन्हा लावला. "दोन्ही बाजूंचं बरोबर आहे," ते म्हणाले. हे ते प्रत्येक भांडणात म्हणत आणि त्याने कधीच काही सुटलं नव्हतं.

तेवढ्यात ऋतुराज धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मामी! मामी, जुईचा कान नाहीये!"

कोणाला काही कळायच्या आत अंतरा उठून पळत सुटली होती. चपला सतरंजीशीच राहिल्या. तिच्यामागे सलिल, मग आसावरी. मंदाकिनीबाईंना गुडघ्यांमुळे उठायलाच वेळ लागला. त्या कुंपणाशी पोचल्या तेव्हा त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या मनातून पुढे कधी गेलं नाही.

आत तीसेक पोरं धावत होती. वाळू उधळत होती, एकमेकांना ढकलत होती, घसरगुंडीवरून धपाधप उतरत होती. त्या वाळूत कुठेतरी शेंगदाण्याच्या टरफलाएवढी ती वस्तू होती, आणि कोणत्याही क्षणी कोणाचाही पाय तिच्यावर पडणार होता. सलिल आत झेपावणार, एवढ्यात अंतराने त्याचा शर्ट धरून त्याला मागे खेचलं. ती कुंपणाच्या कडेला उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली,

"स्टॅच्यूऽऽऽ!"

आणि वाळूतली सगळी पोरं जागच्या जागी थिजली.

एक मुलगा एका पायावर. एक मुलगी घसरगुंडीच्या मध्यावर, दोन्ही हातांनी कडा धरून. झोक्यावरच्यांचे झोके तेवढे हलत राहिले, वर बसलेल्यांनी मात्र श्वास रोखले. त्या सगळ्या पुतळ्यांत एकच पोर चालत होती, कारण तिला हाक ऐकूच आली नव्हती. जुई डोक्याच्या डाव्या बाजूला हात धरून, खाली बघत, इकडून तिकडे जात होती. मग तिने मान वर केली. सगळे थांबलेले पाहिले. आणि तीही एक हात हवेत ठेवून पुतळा झाली.

सहा वर्षांची पोर. भोवताली आवाज नाही, कशासाठी थांबायचं माहीत नाही. पण सगळे थांबलेत म्हणजे खेळ बदलला, हे तिला बघून कळलं. मंदाकिनीबाईंनी कुंपणाची तार घट्ट धरली.

अंतरा पाऊल जपून टाकत, वाळू बघत जुईपर्यंत गेली. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग जुईच्या. हसली. जुईही थोडं हसली. मग अंतराने बाकीच्या पोरांकडे वळून सांगितलं, मोठ्याने पण ठाकठीक,

"मुलांनो, माझ्या मुलीचं कानाचं मशीन इथे पडलंय. एवढंसं, तपकिरी. ते नसलं की तिला काही ऐकू येत नाही. आता प्रत्येकाने आधी स्वतःच्या पायाखाली बघायचं. नसेल तर हळूहळू बाहेर यायचं. धावेल तो आउट."

पोरं एकेक करून बाहेर आली, काही तर चवड्यांवर. भाऊ कुंपणाच्या फाटकात आपली हातातली काठी आडवी धरून उभे राहिले. बाहेरचं कोणी आत येऊ लागलं की ते अदबीने म्हणत, "थोडं थांबावं लागेल. आत शोध चालू आहे." जन्मभर सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाच्या आवाजाला एक वजन असतं. कोणी वाद घातला नाही.

आसावरी वाळूत मध्यावर उभी राहून दोन्ही हात चोळत होती. "क्लिप," ती म्हणाली. "अंतरा, त्या फ्रॉकच्या मागे दोरीची बारीक क्लिप होती. मी कपडा बदलताना काढली. मला वाटलं असंच काहीतरी... ती परत लावायची असते का गं?"

ती क्लिप यंत्र फ्रॉकला बांधून ठेवण्यासाठी होती. कानावरून निसटलं तरी ते लोंबत राहावं, पडू नये, एवढंच तिचं काम. अंतराच्या चेहऱ्यावरून काहीतरी सर्रकन गेलं. मंदाकिनीबाईंनी ते पाहिलं. आता ही फुटणार, असं त्यांना वाटलं. आणि फुटली असती तर तिला कोण नाव ठेवणार होतं?

"ताई, फ्रॉकचं आत्ता राहू दे," अंतरा म्हणाली. "तू झोक्याखालून सुरू कर. मूठ-मूठ वाळू घ्यायची, बोटांतून सोडायची. ऋतू, तू आईबरोबर. सलिल, घसरगुंडीचं तोंड तुझं. आई, तुम्ही जुईजवळ थांबा. तिच्यासमोर राहा, तुमचा चेहरा तिला दिसू दे. ती घाबरलेली नाहीये. आपण घाबरलेले दिसलो तर घाबरेल."

मंदाकिनीबाई वर्गासमोर उभ्या राहिल्या की पोरं चूप बसत, अशी त्यांची ख्याती. आज पहिल्यांदाच कोणी त्यांना जागा नेमून दिली होती, आणि त्या निमूटपणे त्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

शोध लांबत गेला. दोन अनोळखी बायका पोरांची प्लॅस्टिकची चाळणी घेऊन मदतीला बसल्या. आसावरीने ओढणीत वाळू भरून गाळायला घेतली. ऊन चढलं. सलिलने घसरगुंडीचं तोंड कोपरभर उकरलं, पुन्हा भरलं, पुन्हा उकरलं, आणि मग तो तिथेच मांडी घालून बसला.

"आई म्हणते तेच बरोबर आहे," तो म्हणाला.

अंतराने नवी मूठ भरली. तिचे हात चालू होते.

"ऐकतेयस ना? आपण सगळे इथे होतो. मी शंभर पावलांवर बसलेलो. तरी हे झालं. शाळेत पन्नास पोरांत झालं तर तिथे कोण स्टॅच्यू म्हणणार आहे? आई, तू म्हणशील त्या शाळेत घालू. माझा हट्ट संपला."

महिनाभर मंदाकिनीबाई ज्या वाक्याची वाट बघत होत्या ते आलं होतं. मुलगा त्यांच्या बाजूने झाला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. वाळूने माखलेले हात, पडलेले खांदे. आणि पलीकडे त्यांची सून, उन्हात ओणवी, मूठ भरते आहे, सोडते आहे, भरते आहे.

"हरायचं ते नंतर हरू, सलिल," अंतरा वर न बघता म्हणाली. "आत्ता शोध."

जिंकल्याचा आनंद त्यांना कुठे सापडेना.

तेवढ्यात त्यांचं बोट ओढलं गेलं. जुई. तिने आजीला आपल्याकडे बघायला लावलं, मग स्वतःचा पंजा डोक्याला थापला आणि तोच पंजा शेजारच्या झोक्याच्या लोखंडी खांबाला लावला. पुन्हा डोकं, पुन्हा खांब.

"काय गं? दुखतंय डोकं?" बाईंनी विचारलं, आणि हिला ऐकू येत नाही हे आठवून ओठ मिटले.

आजीला कळलं नाही, हे जुईने चेहऱ्यावरून ओळखलं. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून तो जरा जास्तच मोठा निघाला. "चिकटतो! आजी, कान चिकटतो!"

बाईंना अर्थ लागला नाही. जुईने मग समजावण्याचा नाद सोडला आणि कामाला लागली. झोक्याच्या खांबावरून तिने वरपासून खालपर्यंत हात फिरवला. मागच्या बाजूने फिरवला. दुसरा खांब. मग चक्रीकडे गेली, तिच्या कडेखाली बोटं घालून गोल चालत आली. मग लोखंडी घुमट, त्याची एकेक दांडी, खालून. बाई तिच्यामागून चालत होत्या. तिसऱ्या दांडीला त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती गोल चकती! ती डोक्याला चिकटते ती चुंबकावर. घरात फ्रिजच्या दाराला लावून ही पोर तिच्याशी खेळायची आणि अंतरा ओरडायची. वाळूत पडलेली वस्तू सगळे वाळूत शोधत होते. पण ती वाळूत पडलीच नसेल तर?

तीसेक वर्षांत शेकडो मुलं बाईंच्या हाताखालून गेली होती. हरवलेली वस्तू शोधताना मूल काय करतं हे त्यांना पाठ होतं. रडतं, किंवा शेजाऱ्याचं नाव घेतं, किंवा एकाच जागी दहा वेळा बघतं. ही मात्र एकेक जागा संपवत, मागे न वळता, पुढे जात होती. हातात खडू असता तर त्यांनी शाबासकी म्हणून फळ्यावर तिचं नाव लिहिलं असतं.

"चल," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून त्याही वाकल्या. गुडघा कुरकुरला, त्यांनी लक्ष दिलं नाही. घुमटाची उरलेली बाजू त्यांनी घेतली. तिथे काही नव्हतं. उरली घसरगुंडी. जुई तिच्या जिन्याखाली, जिथे लहान मूलच शिरू शकेल अशा सांदीत, पोटावर सरपटत गेली. आधी नुसते तिचे दोन पाय दिसत होते. मग पायही गेले.

मग आतून किंचाळी आली, आनंदाची.

ती बाहेर आली तेव्हा केसांत वाळू, नाकाला जाळं, आणि मुठीत तपकिरी तुकडा, वायर, चकती, दोरीला लोंबणारी क्लिप. लपंडावात ती तिथे शिरली होती. चकती पायरीच्या खालच्या लोखंडी पट्टीला चिकटली आणि तिच्याबरोबर कानही ओढला गेला होता. आत गुपचूप बसलेली असताना ते तिला कळलंच नव्हतं.

तिने आईला हाक मारली नाही. आधी फुंकर घालून वाळू उडवली, फ्रॉकला पुसली, तुकडा कानावर अडकवला, केस बाजूला करून चकती ठेवली. टक्. मग डोळे मिटून क्षणभर थांबली. उघडले.

"आजी, म्हण."

"काय म्हणू?"

"आईसारखं. तोंड झाकून."

अंतरा रोज सकाळी हातांत तोंड लपवून काही आवाज काढायची आणि जुई ते परत म्हणायची, यंत्र नीट चाललंय ना ते बघायला. स्वयंपाकघरातून ते ऐकून बाई कितीदा वैतागल्या होत्या. आता त्यांनी पदर तोंडावर धरला.

"आ," त्या म्हणाल्या.

"आ."

"ई."

"ई."

मग अगदी हळू, स्वतःलाच जेमतेम ऐकू येईल असं, "श."

"श!" जुई म्हणाली आणि खुदकन हसली. "आजी, तू रडतेस काय? मिळाला ना."

त्यानंतर काय गलका झाला! बाहेर थांबलेल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. भाऊंनी फाटकातली काठी उचलली आणि सगळी झुंड पुन्हा वाळूत घुसली. सलिलने लेकीला उचलून इतकं घट्ट धरलं की ती 'बाबा, कान!' म्हणून ओरडली. अंतराने यंत्र उलटसुलट करून पाहिलं, ठीक आहे असं म्हणाली, आणि ते म्हणता म्हणता वाळूत बसली. क्लिप फ्रॉकला लावायला गेली तर लागेना. आसावरी पुढे झाली, तिने क्लिप घेतली. "मला दाखव कशी लावायची," ती म्हणाली. "नीट दाखव, मी शिकते." दोघी नणंदा-भावजया जुईच्या पाठीशी डोक्याला डोकं लावून बसल्या. आसावरी हळूच म्हणाली, "तू मला बोलली का नाहीस गं? चार शब्द बोलली असतीस तर बरं वाटलं असतं."

"वेळ कुठे होता, ताई?"

आसावरी रडता रडता हसली.

जेवायला बसले तेव्हा पुऱ्या गार झाल्या होत्या आणि कोणाला त्याचं काही नव्हतं. भाऊंनी आज पहिल्यांदाच मागून वाढून घेतलं. पोरं अर्धी पुरी हातात घेऊन पुन्हा पळाली. सलिल मान खाली घालून भाजी चिवडत होता.

"मग आई," तो म्हणाला, "उद्या त्या ठाण्याच्या शाळेत फोन करू?"

अंतराचा घास हातातच राहिला. तिने सासूकडे पाहिलं नाही.

मंदाकिनीबाईंनी सुनेच्या पानात एक पुरी वाढली. मग आणखी एक. "उद्या मी फोन करणार आहे," त्या म्हणाल्या, "आपल्या शाळेत."

"आपल्या?"

"तू गेलेलास ना भेटायला? मी काय म्हणते ते त्यांना हवं होतं. सांगते." त्या अंतराकडे वळल्या, आणि वर्गात बोलत तसं एकेक मुद्दा सुटा करत बोलू लागल्या. "पण पहिल्या बाकाचा हट्ट धरायचा नाहीस. पहिल्या बाकावरच्या पोराला मागचं काही कळत नाही. पाठीमागे हसलं कोण, उत्तर दिलं कोण, सारखी मान वळवावी लागते. दुसरा बाक, भिंतीकडचा. तिथून बाई पण दिसतात आणि वर्गही. आणि त्या वर्गांतले जुने पंखे खडखडतात, ते आधी बदलायला लावू."

"आई," सलिल म्हणाला, "पण तूच तर म्हणत होतीस—"

"म्हणत होते. पोरं हसतील म्हणून म्हणत होते. हसतीलही." त्यांनी हात पुसले. "आज ही पोर काही ऐकू येत नसताना तीस पोरांत उभी राहिली. सगळे पुतळे झाले, ही पुतळा झाली. सगळे वाळू उकरत होते, हिने डोकं चालवलं. तिला मी चार वर्षं सांभाळून ठेवू? कशापासून?"

अंतरा उठली, सासूच्या शेजारी येऊन बसली. पाया पडायला वाकली असती तर मंदाकिनीबाईंना आवडलं नसतं. ती वाकली नाही. तिने नुसतं डोकं त्यांच्या खांद्याला टेकवलं. लग्न होऊन आल्यापासून हे पहिल्यांदाच.

"तू फार बोलतेस हल्ली," बाई म्हणाल्या.

"हो, आई."

"बोलत राहा."

भाऊंनी खाकरून घसा साफ केला आणि आज चुकूनही 'दोन्ही बाजूंचं बरोबर आहे' म्हटलं नाही.

पाणी प्यायला जुई धावत आली, धापा टाकत, चेहरा लालबुंद. बाटली तोंडाला लावता लावता तिने सगळ्यांचे चेहरे वाचले.

"काय बोलताय?"

"तुझ्या शाळेचं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "जूनपासून माझ्या शाळेत जायचं. पहिलीत."

जुई थबकली. "तुझ्या? जिथे तू बाई होतीस?"

"हो. पहिल्या दिवशी मी येईन बरोबर."

जुईने गंभीरपणे विचार केला. बाटलीचं झाकण लावलं. मग आजीच्या जवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, समजुतीच्या स्वरात म्हणाली,

"ये. पण वर्गात बसायचं नाहीस हं, आजी. मुलं तुला हसतील."